काळ्या मातीत भट्टी बांधताय? आधी पाया समजून घ्या

धाराशिव : गावाकडं विटांच्या भट्टीचं वेड पुन्हा वाढलंय. कुणी बचत गटातून नानकटाई, खारी, टोस्ट करायला भट्टी बांधतंय, कुणी रोडवरच्या धाब्याला जोड म्हणून, तर कुणी शेतावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, गवंड्याला दाखवायचा आणि आठ दिवसांत भट्टी उभी. दिवाळीच्या पुढं बांधलेली भट्टी उन्हाळाभर झकास चालते. मग पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये घुमटाला केसाएवढी भेग दिसते. दसऱ्यापर्यंत त्या भेगेत बोट जातं आणि भट्टीचं तोंड एका बाजूला कललेलं असतं.

घरमालक विटांना दोष देतो, गवंडी आगीला. बहुतेक वेळा दोघांचंही चुकलेलं असतं. खोट भट्टीच्या खाली, पायात असते. बांधकामाचा सगळा पैसा आणि लक्ष घुमटावर जातं. पायाला मात्र "दोन फूट खोदा, डबर टाका, झालं" एवढ्यावर सोडलं जातं. आपल्या भागातल्या मातीत हा हिशोब चालत नाही. का चालत नाही आणि काय केलं म्हणजे भट्टी वर्षानुवर्षं टिकते, ते क्रमानं पाहू.

भट्टीचं वजन किती भरतं?

आधी आकडा समजून घ्यावा. आतून तीन फूट व्यासाची घुमटाची भट्टी धरू. घरगुती वापर, बचत गट किंवा लहान धाब्याला एवढी पुरते. तिचं वजन ढोबळमानानं असं भरतं :

- घुमट, तळाच्या विटा, उष्णतारोधक थर, बाहेरचा लेप आणि धुराडं मिळून : सुमारे १ टन
- त्याखालचा पाच फूट बाय पाच फूट, पाच इंच जाडीचा स्लॅब : सुमारे ७०० किलो
- स्लॅब पेलणाऱ्या तीन बाजूंच्या नऊ इंची भिंती, अडीच फूट उंच : सुमारे १३०० किलो

म्हणजे पायावर तीन टन. पायाचं काँक्रीट धरलं तर सव्वाचार टन. आकडा ऐकून धास्ती वाटते, पण हे वजन सहा फूट बाय सहा फुटांच्या पायावर पसरलं तर एका चौरस फुटाला साधारण १२० किलो येतं. उभ्या माणसाच्या तळपायाखाली जमिनीवर जेवढा दाब पडतो, साधारण तेवढाच हा. वजनानं जमीन दबून भट्टी खचली, असं क्वचितच घडतं. नेमकी उलटी अडचण येते. भट्टी हलकी पडते.

काळी माती भट्टी उचलते

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात रानात पडणाऱ्या, हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात त्याच जमिनीचा होणारा लगदा, दोन्ही याच खनिजाचे खेळ. कापसाला, हरभऱ्याला, ज्वारीला ही माती सोनं, कारण ती ओल धरून ठेवते. बांधकामाला मात्र तोच गुण नडतो.

फुगणाऱ्या मातीचा वर ढकलण्याचा जोर भट्टीच्या वजनाच्या कित्येक पट असू शकतो. दोन मजली घर निदान आपल्या वजनानं थोडंफार तरी मातीला दाबून धरतं. भट्टी, कंपाउंडची भिंत, संडास, पाण्याचा हौद अशी हलकी बांधकामं माती सहज उचलते. म्हणून गावात घर शाबूत आणि कंपाउंडची भिंत नागमोडी, हे चित्र सगळीकडं दिसतं.

त्यातही सगळी माती एकदम फुगत नाही. पायाच्या कडेची माती पावसानं आधी भिजते आणि उन्हानं आधी वाळते. मधली माती मागं राहते. एक कड वर, मधला भाग खाली, अशी ओढाताण वर्षातून दोनदा होते. घुमटाच्या विटा एकमेकींना रेटून उभ्या असतात. त्यांना रेटा सहन होतो, ताण सोसत नाही. पाया जरासा वाकला की वर भेग ठरलेली.

जिल्ह्यात सगळीकडं सारखी परिस्थिती नाही. बालाघाटाच्या डोंगरउतारावर, तुळजापूर, भूम, वाशीच्या बऱ्याच गावांत हातभर खोदलं की मुरूम लागतो. तिथं हा त्रास कमी. उमरगा, लोहारा, कळंबच्या सपाट रानांत काळी माती खोल आहे. एकाच गावातही पांढरीतली जमीन वेगळी आणि ओढ्याकाठची वेगळी. त्यामुळं शेजाऱ्याची भट्टी टिकली म्हणून आपली टिकेलच असं नाही.

माती किती फुगते, घरीच बघा

प्रयोगशाळेत मातीचा फुगवटा तपासायची एक सोपी पद्धत आहे. तीच घरीही करता येते. जिथं भट्टी बांधायची तिथली दोन-तीन फूट खोलीवरची माती घ्यावी. पूर्ण वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीनं चाळावी. सारख्या आकाराच्या दोन उभ्या, पारदर्शक बाटल्यांत सारखी माती टाकावी. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल किंवा डिझेल भरावं. ढवळून, आतली हवा जाऊ देऊन एक दिवस-रात्र न हलवता ठेवावं. डिझेलची बाटली चूल, बिडी-काडी आणि लेकरांपासून लांब असावी.

रॉकेल-डिझेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची पट्टीनं मोजावी. डिझेलमध्ये थर दोन इंच आणि पाण्यात तीन इंच, म्हणजे फुगवटा ५० टक्के. ५० टक्क्यांच्या आत असेल तर फारशी चिंता नाही. त्याच्या पुढं असेल तर पायावर खर्च करावाच लागेल. दुप्पट उंची भरली, म्हणजे १०० टक्के किंवा त्याहून जास्त, तर पुढं दिलेली एकही पायरी गाळू नये.

हीच चाचणी विकत आणायच्या मुरुमावरही करावी. मुरूम म्हणून ट्रॅक्टरमधून कधी कधी काळी-पिवळी मातीच येते. चांगला मुरूम पाण्यात आणि डिझेलमध्ये जवळपास सारखाच बसतो.

जागा कुठं धरावी?

मातीचा त्रास पाण्यामुळं होतो. म्हणून जागा निवडताना पाण्याचा विचार पहिला. घराच्या पागोळ्या जिथं पडतात, मोरीचं पाणी जिथं मुरतं, शोषखड्डा किंवा हातपंप जिथं आहे, त्याच्या जवळ भट्टी नको. मोठं झाडही नको. लिंब, बाभूळ, वड यांची मुळं उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात, एका बाजूची माती आकसते आणि भट्टी झाडाकडं कलते. झाडाची जेवढी उंची, निदान तेवढं अंतर ठेवलेलं बरं.

आगीचाही विचार हवा. कडब्याची गंज, गोठा, पाचटाचं छप्पर यांच्यापासून किमान पंचवीस-तीस फूट लांब जावं आणि विजेच्या तारेखाली तर मुळीच बांधू नये. आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून भट्टीचं तोंड पूर्वेला ठेवलं की धूर आणि ठिणग्या काम करणाऱ्याच्या तोंडावर येत नाहीत.

हंगामालाही महत्त्व आहे. मे महिन्यात भेगाळलेल्या, वाळून आकसलेल्या जमिनीवर पाया टाकला तर पहिल्याच पावसात माती फुगून पाया उचलते. भर पावसात टाकला तर उन्हाळ्यात खालची माती आकसून पाया अधांतरी राहतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंत जमिनीत मध्यम ओल असते आणि काँक्रीटलाही थंडी मानवते. काम त्याच काळात उरकावं.

पायाची खोदाई आणि मुरुमाची भर

सहा बाय सहा फुटांचा पाया घ्यायचा तर खड्डा आठ बाय आठ फुटांचा घ्यावा, म्हणजे चारी बाजूंनी एक-एक फूट जास्त. खोली तीन फूट. मध्येच कठीण मुरूम लागला तर तिथंच थांबावं.

खड्ड्यातली काळी माती परत त्यातच ढकलायची नाही. ती शेतात टाकावी. खड्डा मुरुमानं भरायचा. फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, एकजीव मुरुमाचा दाबलेला थर दिला की खालच्या मातीची हालचाल बरीच आटोक्यात येते. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी यावर संशोधन केलं आणि पुढं कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरात आली. तेच तत्त्व इथं लहान प्रमाणात.

मुरूम एकदम ओतून वर पाणी सोडणं ही नेहमीची चूक. सहा-सहा इंचांचे थर द्यावेत. प्रत्येक थरावर थोडं पाणी शिंपडावं आणि धुमसानं ठोकावं. मूठभर मुरूम दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये, एवढीच ओल पुरे. टाच जोरात मारली तरी खळगा पडत नाही, तोवर ठोकायचं. पावणेतीन फूट भर द्यायला दाबून पावणेदोन ब्रास, म्हणजे सुटा सव्वादोन ब्रासच्या आसपास मुरूम लागतो.

काही गवंडी मुरुमाऐवजी वाळू भरायला सांगतात. खोल काळ्या मातीत नुसती वाळू धोक्याची. चारी बाजूंनी चिकणमाती आणि मधे वाळू म्हणजे जमिनीत पुरलेलं टाकंच. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि महिनाभर आजूबाजूच्या मातीला पाजलं जातं.

मुरुमावर तीन इंचांचा साधा काँक्रीटचा थर द्यावा. एक सिमेंट, चार वाळू, आठ खडी हे प्रमाण पुरतं. या थराची वरची बाजू जमिनीच्या पातळीला यावी.

पायाचा स्लॅब : एकसंध ठेवा

भिंतीखाली नुसत्या पट्ट्या खोदून पाया घेण्यापेक्षा अख्ख्या भट्टीखाली सलग काँक्रीटचा स्लॅब घेणं शहाणपणाचं. कारण साधं आहे. पट्ट्या घेतल्या तर डावी भिंत एकीकडं, उजवी दुसरीकडं जाते. सलग स्लॅब तराफ्यासारखा असतो. माती हललीच तर सगळी भट्टी मिळून थोडी कलेल, पण तुटणार नाही.

हा स्लॅब सहा बाय सहा फूट आणि सहा इंच जाड. काँक्रीटचं प्रमाण एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. सळई १० एमएमची, दोन्ही दिशांना आठ-आठ इंचांवर. काळ्या मातीत पाया कधी मधून उचलला जातो, कधी कडेनं. ताण कधी वरच्या अंगाला येतो, कधी खालच्या. म्हणून जाळ्या दोन, एक खाली आणि एक वर. कठीण मुरुमाच्या जागेवर खालची एक जाळी चालते.

जाळी साध्या काँक्रीटवर टेकवायची नाही. खाली दोन इंचांचे सिमेंटचे ठोकळे द्यावेत. वरची जाळी पायाखाली दबून खाली जाते, तिला सळईच्याच घोड्या करून आधार द्यावा. ओतायच्या आधी कर्ण मोजावेत. सहा बाय सहाचा कर्ण साडेआठ फुटांच्या जवळ येतो आणि दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे काटकोन बरोबर.

वरच्या भिंतींसाठी चार कोपऱ्यांत एक-एक १२ एमएमची उभी सळई आताच सोडून ठेवावी. ती पुढं वरच्या स्लॅबला बांधायची आहे.

पाणी मारण्यात आळस नको. बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट राखमिश्रित, म्हणजे पीपीसी असतं. त्याला किमान १० दिवस ओलं ठेवावं लागतं. गोणपाट अंथरून, कडेनं मातीची आळी करून पाणी साठवलं की सकाळ-संध्याकाळची धावपळ वाचते.

भिंती : तीन बाजूंनी बंद, समोरून मोकळ्या

भट्टीखालचा चौथरा भरीव करायची गरज नाही. मागं एक आणि बाजूला दोन अशा तीन भिंती नऊ इंची विटांत घ्याव्यात, समोर मोकळं सोडावं. आत सरपण राहतं आणि पैसाही वाचतो. मधे दगड-माती भरून केलेला चौथरा स्वस्त दिसतो, पण आतल्या भरावात पाणी शिरलं की तो भिंती बाहेर ढकलतो.

उंचीचा हिशोब उभं राहून करावा. भट्टीचा तळ काम करणाऱ्याच्या कोपराच्या थोडा खाली यावा. भिंत ३० इंच, स्लॅब ५ इंच, उष्णतारोधक थर ४ इंच आणि तळाची वीट ३ इंच, अशी बेरीज ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट होते. बहुतेकांना ही उंची सोयीची. काम करणारी बाई ठेंगणी असेल तर भिंतीचा एक थर कमी करावा. वाकून वाकून कंबर गेली तर भट्टी कितीही मजबूत असून उपयोग नाही.

विटा भिजवून, एकास सहा मालात, सांधे मोडून बांधाव्यात. कोपऱ्यातल्या उभ्या सळईभोवती चार-पाच इंचांचा पोकळ भाग ठेवून तो काँक्रीटनं भरत न्यावा. समोरची बाजू मोकळी असल्यानं तीन भिंतींचा हा सांगाडा आडव्या धक्क्याला कमजोर असतो. कोपऱ्यातल्या सळया पाया, भिंत आणि स्लॅब यांना एकत्र गुंफतात.

या जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला पटवून द्यायची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लोहारा, उमरगा तालुक्यांतली गावंही जमीनदोस्त झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी माणसं गाडली. त्या भिंतींत आतली आणि बाहेरची दगडाची रांग एकमेकींना बांधलेली नव्हती. आजही कुणी चौथरा डबर दगडात बांधणार असेल तर माल सिमेंटचाच घ्यावा आणि दर दोन फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा. एक टनाचा घुमट कंबरेच्या उंचीवर ठेवायचा आहे आणि त्याच्या पुढ्यात रोज कुणीतरी उभं राहणार आहे, हे विसरू नये.

वरचा स्लॅब : सळई कुठल्या अंगाला?

भिंतींवर पाच बाय पाच फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब येतो. दोन भिंतींमधलं मोकळं अंतर साडेतीन फूट राहतं. सळई १० एमएम, दोन्ही दिशांना सहा इंचांवर. समोरच्या कडेला खाली भिंत नाही, तिथं १२ एमएमच्या दोन सळया जास्त घालाव्यात.

इथं सर्वांत महागात पडणारी चूक सळईच्या जागेची होते. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब वजनानं मधे खाली वाकायला बघतो, ताण त्याच्या खालच्या अंगाला येतो. म्हणून जाळी खाली हवी, फळीपासून पाऊण ते एक इंच वर. काँक्रीट ओतताना जाळी वर उचलली गेली किंवा मधोमध राहिली तर लोखंड घालूनही अर्धा उपयोग वाया.

पण समोर तवा, ट्रे ठेवायला स्लॅबचा ओटा भिंतीच्या पुढं काढायचा असेल तर नियम उलटतो. बाहेर काढलेला भाग टोकाकडं खाली वाकतो आणि ताण वरच्या अंगाला येतो. त्या भागात सळई वर हवी आणि ती मागं स्लॅबमध्ये निदान ओट्याच्या दीडपट लांब न्यायला हवी. ओटा एक फुटापेक्षा जास्त काढू नये.

सेंट्रिंग किमान १० दिवस काढू नये. घुमटाचं बांधकाम तीन आठवड्यांनी सुरू करावं. पहिली आग २८ दिवसांच्या आत नको.

काँक्रीटला आग सोसत नाही

पाया चांगला झाला, स्लॅब भक्कम झाला, आणि मग त्या स्लॅबवरच विटा मांडून आग पेटवली, अशाही भट्ट्या आहेत. भट्टीचा तळ ४००-५०० अंशांपर्यंत तापतो. साधं काँक्रीट ३०० अंशांच्या पुढं ताकद गमवायला लागतं. त्यातला चुन्याचा अंश ४००-५०० अंशांना फुटतो. लोखंड साडेपाचशे-सहाशे अंशांना निम्म्या ताकदीवर येतं. शिवाय तापलेलं लोखंड आणि काँक्रीट पसरतं, निवलं की आकसतं. वर्षभरात स्लॅबचा खालचा पापुद्रा सुटून सळई उघडी पडते.

म्हणून स्लॅब आणि तळाच्या विटा यांच्यात चार इंचांचा उष्णतारोधक थर हवाच. त्यानं स्लॅब वाचतो आणि सरपणही वाचतं, कारण उष्णता खाली काँक्रीटमध्ये झिरपत नाही. पर्याय असे :

- बांधकामाच्या दुकानात मिळणारे पांढरे, हलके एएसी ब्लॉक. चार इंची ब्लॉक आडवे, एकमेकांना चिकटून मांडले की काम झालं. लहान भट्टीला हा सर्वांत सोपा पर्याय.
- नर्सरीत मिळणारं व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट. साधारण सहा-सात भागांना एक भाग सिमेंट आणि बेताचं पाणी घालून थर द्यायचा. तो सावकाश वाळतो, घाई नको.
- भाताच्या तुसाची पांढरी राख. हवा धरून ठेवते म्हणून उष्णता अडवते. कडेनं विटांची चौकट करून त्यात नीट दाबून भरावी.

नुसती वाळू किंवा खडी घालून काम भागत नाही. ती उष्णता अडवण्याऐवजी साठवते आणि हळूहळू खाली पोचवते. शहाबादी किंवा कडप्पा फरशी आगीखाली नको, ती चुनखडीच्या जातीची असते आणि तडकते. काळा दगड आणि ओढ्यातले गोटेही नकोत, आत ओल राहिली असेल तर तापल्यावर ते फुटून चिपा उडतात.

तळाच्या फायर ब्रिक सिमेंटात बसवू नयेत. वाळू आणि चाळलेल्या मातीच्या पातळ थरावर कोरड्याच, घट्ट मांडाव्यात. तापल्यावर त्यांना सरकायला जागा लागते आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. विटांच्या बाहेरच्या कडेला अर्धा इंच फट सोडून ती राखेनं भरावी. घुमट स्लॅबच्या काठापासून निदान सहा इंच आत राहील असं बघावं, कारण घुमट पायथ्याशी बाहेरच्या बाजूला रेटा देतो.

पाणी लांब ठेवा

भट्टी बांधून झाली की पायाभोवती चारी बाजूंनी तीन फूट रुंदीची फरशी किंवा काँक्रीटची पट्टी करावी. तिला बाहेरच्या अंगाला उतार हवा, तीन फुटांत निदान दीड-दोन इंच. मुरूम भरलेला खड्डा या पट्टीखाली पूर्ण झाकला गेला पाहिजे. पट्टी आणि पाया यांच्यात अर्धा इंच सांधा सोडून तो डांबरानं भरावा, म्हणजे पट्टी हलली तरी पायाला ओढत नाही.

वर पत्र्याचं छप्पर आवश्यक. भिजलेला उष्णतारोधक थर काही कामाचा नसतो आणि ओली भट्टी एकदम पेटवली तर आतल्या वाफेनं तडे जातात. पत्रा धुराड्यापासून दूर आणि छपराचं पाणी पट्टीच्या पलीकडं पडेल असा.

खालच्या सरपणाच्या पोकळीत साप-विंचू आसरा घेतात. तळ जमिनीपासून सहा इंच उंच असल्यानं थोडा बचाव होतो, पण आठवड्याला सरपण हलवून झाडून घ्यावं आणि हात घालण्याआधी काठी फिरवावी.

साहित्याचा अंदाज

वर सांगितलेल्या मापाच्या पायासाठी, घुमट सोडून, साधारण एवढं साहित्य लागतं :

- मुरूम : सव्वादोन ब्रास
- सिमेंट : ९ ते १० गोण्या
- सळई : ६५ ते ७५ किलो
- विटा : आकारानुसार ३०० ते ४००
- एएसी ब्लॉक : पाच बाय पाच फूट एका थरात झाकतील एवढे

दर रोज बदलतात आणि गावागणिक वेगळे, त्यामुळं रक्कम स्थानिक दुकानातच काढावी. एक मात्र नक्की. मुरूम आणि जास्तीच्या जाळीचा खर्च नकोसा वाटतो, पण भेगाळलेला घुमट पाडून परत बांधताना मजुरी, फायर ब्रिक आणि बुडालेला हंगाम, सगळं पुन्हा मोजावं लागतं. बचत गटानं कर्ज काढून भट्टी घातली असेल तर हप्ता भट्टी बंद असली तरी थांबत नाही.

पावाच्या बेकरीची आठ-दहा फुटांची मोठी भट्टी असेल तर हा अंदाज लागू होत नाही. तिचं वजन कित्येक पटींनी जास्त आणि तिची कमान बाजूच्या भिंतींना जोरात बाहेर रेटते. तिथं अभियंत्याकडून नकाशा करून घ्यावाच. खोल काळ्या मातीत तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब घ्यावे लागू शकतात. माल विकायचा असेल तर अन्न नोंदणी आणि ग्रामपंचायतीची परवानगी आधी बघावी.

पहिला पावसाळा ही खरी परीक्षा

भट्टी पेटवायला सुरुवात केली की पहिला आठवडा लहान आग. पहिल्या दिवशी काटक्या-कुटक्यांची तासभर, मग रोज थोडी वाढवत. घुमटातली ओल सावकाश निघून गेली पाहिजे.

भट्टी झाल्याबरोबर पायाच्या चारी कोपऱ्यांची पातळी पाण्याच्या नळीनं मोजून भिंतीवर खुणा करून ठेवाव्यात. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा त्या खुणा परत तपासाव्यात. चारी कोपरे मिळून थोडे वर-खाली झाले तर घाबरायचं कारण नाही. एकच कोपरा उचलला किंवा बसला असेल तर त्या बाजूला पाणी कुठून येतंय किंवा कोणतं झाड ओल ओढतंय ते शोधावं. नळाची गळती, बुजलेली गटार, पट्टीला पडलेली भेग, यातलंच काहीतरी सापडतं. ते वेळेत बुजवलं तर घुमटापर्यंत भेग जात नाही.

घुमटावर आगीनं पडणाऱ्या केसाएवढ्या भेगा मात्र वेगळ्या. त्या तापल्यावर उघडतात, निवल्यावर मिटतात. त्यांना माती-वाळूचा लेप पुरतो. भेग खालून, चौथऱ्याच्या भिंतीतून सुरू होऊन वर गेली असेल तर मात्र लेप लावून झाकू नये. ती भेग पायातून आलेली असते. आधी पायाशी मुरणारं पाणी बंद करावं, मग डागडुजीला हात घालावा.